आमचा कार्बोरेटर

या महिन्याचा आमचा मजकूर आठ दिवस उशिरा पोहोचला. संपादकसाहेबांचा फोन आला, घरी सगळे खैरियत आहेत ना, म्हणाले. घरी सगळे खैरियत होते. आजारी होती ती गाडी. तिच्यासाठी कार्बोरेटर शोधत आम्ही खामगाव झालं, अकोला झालं, आणि शेवटी पार कुर्ल्याला जाऊन आलो. त्यात दीड महिना गेला आणि लिहायचा कागद कोराच राहिला.

जुने वाचक आमच्या गाडीला ओळखतात. नव्यांसाठी थोडं सांगतो. मरहूम अब्बांनी घेतलेली प्रीमिअर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल. आमच्याकडे आली तेव्हाही दुसऱ्या हातचीच होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढची सीट बाकासारखी सलग. उंद्रीत त्या काळी चारचाकी मोजक्याच, त्यामुळे ही गाडी नावाला आमची आणि वापरायला अर्ध्या गावाची. रात्री कुणाच्या घरी बाळंतपणाची वेळ आली की कडी आमच्या दाराची वाजायची. अब्बा पायात चपला अडकवत बाहेर यायचे आणि कुणाच्या घरचं आहे हे विचारायच्या आधी त्यांनी चोक ओढलेला असायचा. आमची थोरली भाची तर खामगावच्या दवाखान्याच्या फाटकात, गाडी पुरती थांबायच्या आतच जन्मली. तिला आता दोन मुलं आहेत.

घरात या गाडीबद्दल दोन मतं आहेत. आमचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो. तो म्हणतो, "अब्बू, भंगारात द्या. मान्यतेच्या केंद्रात दिली तर दाखला मिळतो आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते." त्याचं म्हणणं खोटं नाही. पण अम्मींचे गुडघे गेलेत. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. शेजाऱ्यांच्या उंच गाडीत त्यांना दोघांनी धरून बसवावं लागतं आणि त्याची त्यांना शरम वाटते. पद्मिनीत त्या स्वतः बसतात, स्वतः उतरतात. दर महिन्याला साखर तपासायला खामगावला जाणं त्यांच्या हिशेबी या गाडीनंच शक्य आहे.

तर दोन महिन्यांपूर्वी त्याच रस्त्यावर गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. रेस दिली की चालायची, पाय काढला की बंद. प्रत्येक स्पीडब्रेकरवर बंद. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, आम्ही किल्ली फिरवतोय, आणि अम्मी शांतपणे म्हणतात, "बेटा, हिला धाप लागलीये."

निदान बरोबर होतं, ते आम्हाला नंतर कळलं.

घाई असायचं आणखी एक कारण होतं. गाडीच्या नोंदणीची पाच वर्षांची मुदत लवकरच संपणार होती. नूतनीकरणासाठी गाडी बुलढाण्याला आरटीओत न्यावी लागते, तिथं निरीक्षक ती बघतो. वीस वर्षांवरच्या खासगी कारचं हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये झालं, वर पर्यावरण कर वेगळा. पैसे आम्ही बाजूला काढले होते. पण जी गाडी फाटकातच बंद पडेल, तिला पास कोण करणार? मुदत उलटली असती तर मुलाचं म्हणणं आपोआप खरं झालं असतं.

गावातले मिस्त्रीचाचा अब्बांच्या वेळेपासून या गाडीला हात लावतात. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि कार्बोरेटरच्या खालच्या अंगाला, जिथून रेसचा शाफ्ट आरपार जातो, तिथं काडीनं जाड ऑइलचा एक थेंब सोडला. धापा टाकणारं इंजिन अर्धा मिनिट एकदम शहाण्यासारखं चाललं. मग थेंब आत ओढला गेला आणि पुन्हा पहिल्यासारखं.

"बघितलंत मास्तर? इथून हवा खातेय. शाफ्टचं भोक घासून लंबगोल झालंय. बॉडी गेली. दुसरा कार्बोरेटर आणा."

आमच्या घरातल्या वाचक भगिनींनी मागं एकदा तक्रार केली होती की तुम्ही यंत्रांवर लिहिता तेव्हा काही समजत नाही. म्हणून सांगतो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचं भांडं. आत एक नळी असते, मध्ये अरुंद झालेली. इंजिन हवा ओढतं, अरुंद जागेतून ती जोरात पळते, आणि जोरात पळणारी हवा बाजूच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढून घेते. ही बारीक छिद्रं म्हणजे जेट. शेजारी एक छोटी टाकी, तिच्यात घरावरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच फ्लोट. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि सुई लावून वाट बंद करतो. वजनानं साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, असं हे प्रमाण. फिरता शाफ्ट घासून बाजूनं जास्तीची हवा आत शिरली की प्रमाण बिघडतं, आणि इंजिन सावकाश चालू असताना ते सगळ्यात जास्त बिघडतं. बिनमीठाची खिचडी माणूस खाईल, इंजिन खात नाही.

चाचांनी फ्लोटची टाकी उघडली तेव्हा तळाशी पांढरी भुकटी आणि पिवळट चिकट थर निघाला. हा पेट्रोलचा प्रसाद. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिना महिना उभी राहिली की ते पाणी कार्बोरेटरचा धातू खातं, जुन्या रबराच्या वॉशर फुगवतं. इथेनॉल उसापासून बनतं तसंच मक्यापासूनही, आणि मका आमच्या बुलढाणा जिल्ह्यात भरपूर. आमच्याच शिवारातल्या मक्यानं आमच्याच गाडीचा गळा धरला म्हणायचा. मक्याला भाव मिळतो म्हणून आम्ही तक्रार करत नाही, पण जुनी गाडी असलेल्यांनी ती आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणावी.

मग शोध सुरू झाला. खामगावात तीन दुकानं केली. एका दुकानदारानं नाव ऐकूनच मान हलवली. दुसरा म्हणाला, "भाऊ, मारुती आठशेचाही आता मागवावा लागतो, तुम्ही फियाटचा मागता!" अकोल्याला गेलो. तिथल्या एका मेकॅनिकनं सुचवलं की खाली प्लेट बनवून मारुतीचा कार्बोरेटरच बसवून टाकू, बरेच लोक बसवतात. बसतोही. पण चोकची केबल, रेसची दांडी, एअर फिल्टरचं डबडं, सगळं बदलावं लागतं, आणि पुढं काही बिघडलं तर आमच्या चाचांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

सुटे भाग का मिळत नाहीत, याचा विचार आम्ही परतीच्या एसटीत केला. ही गाडी बनायची मुंबईत, कुर्ल्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, १९६४ पासून तिथं फियाट ११०० डिलाइट बनू लागली, आणि पुढं तिचंच नाव चितोडच्या राणीवरून पद्मिनी झालं. इंजिन शेवटपर्यंत १०८९ सीसीचंच. २००० च्या आसपास कारखान्यातून ती निघायची बंद झाली, तरी सुटे भाग मिळत राहिले, कारण मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी त्याच होत्या. टॅक्सी दिवसभर चालते, तिला रोज काहीतरी लागतं, म्हणून दुकानदार माल ठेवतो. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या आणि त्यांच्यामागं दुकानातली बरणीही रिकामी झाली. आमच्यासारख्या एकट्या-दुकट्या गाडीवाल्यासाठी कोण कार्बोरेटर ओतणार?

इथं आम्ही एक मूर्खपणा केला, तोही सांगतो. मोबाइलवर एकानं जाहिरात टाकली होती: पद्मिनीचा कार्बोरेटर, कोरा, डबाबंद. अडीच हजार रुपये आगाऊ पाठवले. डबा खरंच कोरा होता. आत जे होतं ते दिसायला कार्बोरेटरसारखं होतं. ओतकाम खरखरीत, जेटवर आकडे नाहीत, रेसची दांडी उलट्या बाजूला, आणि खालच्या दोन बोल्टांमधलं अंतर आमच्या मॅनिफोल्डला बसेना. फोन केला तर आधी "बघतो" म्हणाला, मग फोन उचलणंच बंद. माल विकताना त्यातला ऐब झाकू नये, हे आपण मदरशाच्या पहिल्या वर्षापासून ऐकतो. विकणारा आपल्यापैकीच होता, नावावरून तरी. बेगमसाहेबा काही बोलल्या नाहीत. फक्त तो डबा त्यांनी फडताळावर अशा जागी ठेवला की जेवताना तो आम्हाला समोर दिसावा.

शेवटी एका शुक्रवारी जुम्म्यानंतर आम्ही जुना कार्बोरेटर फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला, शेगाव गाठलं आणि रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो. सकाळी दादरला उतरून लोकलनं कुर्ला. जिथं ही गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यात जुन्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकणाऱ्यांचा बाजार आहे. दरवाजे एकीकडे, रेडिएटर एकीकडे, वायरींची झुडपं. आम्ही चार ठिकाणी विचारलं. पाचव्या ठिकाणी एक बुजुर्ग गृहस्थ स्टुलावर बसून चहा पीत होते. कार्बोरेटर म्हणताच त्यांनी पायानं एक पत्र्याचं घमेलं पुढं सरकवलं. त्यात पंधरा-वीस होते. आमचा जीव भांड्यात पडला.

पण त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. आधी म्हणाले, "आपका वाला दिखाओ."

फडकं सोडलं. त्यांनी आमचा कार्बोरेटर हातात घेतला, अंगठ्यानं शाफ्ट वर-खाली हलवून पाहिला. मग घमेल्यातला एक उचलला, तोही तसाच हलवला. मग दुसरा, तिसरा. एकेक आमच्या कानाशी धरून त्यांनी हलवून दाखवला. सगळे खुळखुळत होते. टॅक्सीचे होते, आमच्या गाडीपेक्षा दसपट चाललेले.

"भाईजान, यह मत ले जाओ. आपकी बॉडी इन सबसे अच्छी है. बुश मारो."

त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि अर्धा तास शिकवलं. जुना कार्बोरेटर घ्यायचाच झाला तर काय बघायचं, ते आम्ही तिथंच पाकिटाच्या पाठीमागं लिहून घेतलं. शाफ्ट हलवून पाहायचा. खालची बैठक काचेवर ठेवून बघायची. मधून उजेड दिसला तर ती वाकलेली आहे, कुणीतरी बोल्ट फार आवळलाय. स्क्रूंच्या खाचा बघायच्या. त्या झिजलेल्या असतील तर शंभर हातांनी तो उघडलाय. जेट काढून त्यावरचा आकडा वाचायचा. हा आकडा छिद्राची रुंदी सांगतो, शंभरला एक मिलिमीटर या हिशेबानं. १२० म्हणजे एक पूर्णांक दोन. जेट तारेनं साफ करायचा नाही, तारेनं छिद्र मोठं होतं आणि आकडा खोटा ठरतो. फुंकून किंवा कंप्रेसरच्या हवेनं साफ करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानात गाडीचं नाव सांगायचं नाही, कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर सांगायचा. सोलेक्स जातीचे कार्बोरेटर फक्त पद्मिनीलाच लागत नव्हते. आम्ही दीड महिना फियाट-फियाट करत हिंडलो होतो आणि नंबर एकदाही वाचला नव्हता.

त्यांनी आम्हाला पॅकिंगचा संच, नवी सुई तिच्या झडपेसह, आणि त्यांच्याकडच्या जुन्या मालातून एक बरोबर आकड्याचा जेट दिला. सगळ्याचे साडेतीनशे रुपये घेतले. कार्बोरेटर विकला असता तर दोन हजार सहज मिळाले असते, आणि आम्ही दुआ देत घेऊन गेलो असतो. आम्ही विचारलं, बुश मुंबईत कुठं मारून मिळेल? ते हसले. तुमच्या गावात विहिरीच्या मोटारी दुरुस्त होत नाहीत का, म्हणाले. जो त्या मोटारीचा बुश बनवतो, तोच हाही बनवेल. त्याला फक्त घाई करू देऊ नका.

उंद्रीत लेथचं दुकान आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. रोज त्याच्यासमोरून आम्ही दूध आणायला जातो.

टर्नरनं दोन दिवस घेतले. भोकं एका रेषेत रुंद केली, दोन्ही बाजूंना पितळेचे बुश दाबून बसवले, शाफ्ट नवा बनवला. चारशे रुपये. खालची बैठक काचेवर बारीक काचपेपर ठेवून घासून सपाट केली, हे काम आम्ही स्वतः केलं, असरपासून मगरिबपर्यंत, आणि बोटांची सालं काढून घेतली. चाचांनी एकाच गोष्टीचा हट्ट धरला. शाफ्टवर पाकळी धरून ठेवणारे दोन बारीक स्क्रू बसवल्यावर त्यांची टोकं ठोकून चपटी करा. ते सुटले तर सरळ इंजिनात जातात. हे टर्नरला माहीत नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच.

आता चाचांची नजर अधू झालीये. बारीक जेट त्यांना दिसत नाहीत. जोडणी केली त्यांच्या पुतण्यानं, जो मोटारसायकलींचं काम करतो. मोटारीच्या मोठ्या गॅरेजातली मुलं कार्बोरेटर बघून बिचकतात, कारण नव्या कारमधून तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच गेला आणि इंजेक्शन आलं; ती मुलं स्कॅनर जोडतात. मोटारसायकलींत मात्र तो एप्रिल २०२० पर्यंत, नवे प्रदूषणाचे नियम लागू होईपर्यंत, टिकून होता. म्हणून खेड्यातल्या टू-व्हीलरच्या पोरांच्या हातात ही कला अजून आहे. आणखी दहा वर्षांनी कुणाच्या हातात असेल, सांगता येत नाही.

पुतण्या स्क्रू फिरवत होता आणि चाचा खुर्चीवर डोळे मिटून ऐकत होते. मिश्रणाचा स्क्रू आधी हलकेच शेवटपर्यंत आत, मग दीड फेरी बाहेर. "थोडा और. बस. वापस. नाही, पाव फेरी परत." इंजिन खोल, एकसारखं बोलू लागलं. चाचांनी डोळे उघडले नाहीत, नुसता हात वर केला. आतून अम्मींनी विचारलं, "चालू आहे का बंद?" इतकी शांत चालत होती.

बुलढाण्याच्या फेरीत गाडी एकदाही बंद पडली नाही. निरीक्षकसाहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवायला सांगितला. बॉनेट उघडलं, तेव्हा आम्ही पितळेच्या बुशांबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांना पुढच्या गाडीची घाई होती. पाच वर्षांची मुदत मिळाली. मुलाला फोटो पाठवला. त्यानं आधी अंगठा पाठवला आणि मग थोड्या वेळानं विचारलं, "लेथवाल्याचे किती झाले?" आम्ही खरं ते सांगितलं. डबाबंद कार्बोरेटरचे अडीच हजार सांगितले नाहीत.

तो डबा आता फडताळावर नाही. चाचांच्या पुतण्याकडे एक दहावीतला मुलगा सुट्टीत काम शिकायला येतो, त्यानं मागून नेला. काल गेलो तेव्हा तो वर्तमानपत्रावर तो नकली कार्बोरेटर सुटा करून बसला होता. सगळे भाग रांगेत मांडलेले, आणि फ्लोटची सुई कुठल्या बाजूनं बसते यावरून त्याची चाचांशी हुज्जत चालली होती.